सुधारणा खर्च

सी.ए. देशनूरकरांच्या टेबलावर काच,
काचेखाली गेल्या वर्षीचं कॅलेंडर.
घर घेतलं कधी, म्हणाले.
आईनं, एकोणऐंशी साली, अकरा हजारांना,
वडगाव, तेग्गीन गल्ली, दोन खण आणि मागचं परडं.
ते नको.
एक एप्रिल दोन हजार एक, त्या दिवशीचा भाव धरायचा.
त्याच्या आधीचं काही
कायद्याला आठवत नाही.

मग त्यानंतरच्या पावत्या काढा. सुधारणा खर्च.

मी बिस्किटांचा डबा उघडला.
बोअर, दोनशे साठ फूट, पावती कन्नडमधली, शिक्क्यासकट.
चालेल.
स्लॅब, गवंड्याची सही, रक्कम पेन्सिलीनं.
पेन्सिल चालत नाही.
आणि माजघरातला मागाचा खड्डा बुजवला, ते?
कधी?
शहाण्णवला.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

कमरेएवढा होता खड्डा. आई त्यात पाय सोडून बसायची,
जमिनीच्या वर फक्त अर्धी आई.
मला कितीतरी वर्षं वाटायचं
विणायला बसल्या की बायका
पाय जमिनीकडे गहाण ठेवतात.
बुजवायला दोन गाड्या मुरूम, तीन पोती सिमेंट,
आणि आईनं एक पावडी आतच राहू दिली.
म्हणाली, असू दे की खाली, कुणाला काय करूलालीय.

निघताना विचारलं, महाराष्ट्रात राहायला गेले तर
या नफ्यावरचा टॅक्स वेगळा पडतो का हो?
देशनूरकर हसले.
इन्कम टॅक्सला सीमाभाग नाही, बाई.
पॅन इथं तोच, तिथं तोच.
दोन वर्षांत तिकडं घर घ्या, पावत्या जपा, झालं.

आमच्या गल्लीनं दंडाला इतक्या काळ्या फिती बांधल्या,
माझ्या भावानं तर बारावीचा पेपर बुडवला,
आणि त्या एका खात्याला
ही रेघ कधी दिसलीच नाही.

रेघ दिसते ती फक्त स्कूटरला.
केए बावीसची एमएच नऊ करायची
तर रोड टॅक्स तिथला भरायचा,
इथला परत मागायचा, मिळेल तेव्हा मिळेल.

शिवलीला हंचिनमनी घर बघायला आली,
भिंतीला तळवा लावून म्हणाली,
मनी भाळ चलो ऐती, अक्का.
तिच्या बोलीत मनी म्हणजे घर.
माझ्या बोलीत मनी म्हणजे आत,
जिथलं आपण विचारल्याशिवाय सांगत नाही.
बँकेतल्या पोराच्या बोलीत काय, ते त्यालाच विचारा.
आकडा तिघांचा एकच निघाला, बेचाळीस लाख.

नोंदणीच्या दिवशी लेखनिकानं खरेदीखत वाचलं,
कन्नडमध्ये, न थांबता, पाढे म्हणावेत तसं.
प्रमिला कामकर आलं तिथं मान वर केली,
आडनावातच भरलाय की तुम्ही!
सगळे हसले, मीही.
अंगठा मात्र यंत्रावर उठेना.
तेहेतीस वर्षं शाळेत परीक्षानळ्या धुतल्या,
ॲसिडनं रेघा नेल्या.
चौथ्या वेळेला करंगळी घेतली.
सही मराठीत केली, ती कुणी वाचली नाही.

किल्ली दिल्यावर शिवलीला माजघरात अनवाणी उभी.
अक्का, एवढीच फरशी गार का लागते? ओल आहे?
इल्ला तंगी, म्हटलं. ओल नाही.
पुढचं सांगायला तोंड उघडलं होतं,
तेवढ्यात ती नवऱ्याला म्हणाली,
फ्रिज इथं ठेवू या.

ठेवा.

आता गडहिंग्लजला दुसरा मजला.
फरशी सगळीकडे सारखी.
डबा नवा घेतलाय, पावत्या सगळ्या पेनानं.
खाली पार्किंगमध्ये कुणीतरी नंबरप्लेट बघून विचारतं,
बेळगावच्या का तुम्ही?
मुदत बारा महिन्यांची आहे.
हो म्हणते,
अजून सात महिने.