कलबूत

माझ्या दुकानात मागच्या फळीवर
गिऱ्हाइकांचे पाय ठेवलेले असतात.
लाकडाचे, जोडीजोडीने,
टाचेवर शिसपेन्सिलीने नाव.
मास्तर लुत्फी, रुंद पंजा.
बेकरीवाली सेहेर, डाव्या अंगठ्याला हाड.
आणि नाझमी. बेचाळीस नंबर, दोन्ही पाय सारखे.
असे सारखे पाय मोच्याला क्वचित मिळतात.

नाझमी मिनीबस चालवायचा, बाफ्रा ते सामसुन,
दिवसाला तीन पाकिटं.
इथे त्याचं काय नवल. इथली पोरं
तंबाखूच्या माळा ओवता ओवता आकडे शिकतात,
बोटांचा चीक आठवडाभर निघत नाही.

पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, उस्ता, बूट चावतो.
मी बूट उलटा केला, आत हात घालून खिळा शोधला.
खिळा नव्हता.
चार पावलं चाललं की तळव्यात पेटका येतो, म्हणाला,
जरा थांबलं की जातो.
मी चामडं ओलं करून अर्धा नंबर ताणून दिलं,
चहा मागवला, माझ्या पाकिटातली एक पुढे केली.
हे इथे लिहून ठेवतो
कारण हिशेबाच्या वहीत ते नाही.

त्या हिवाळ्यात बोटं आधी पांढरी पडली, मग जांभळी.
रात्रभर तो पाय पलंगाखाली लोंबते सोडून बसायचा.
मुनेव्वेर मोजे शेगडीवर शेकून आणायची
आणि त्याला मोज्यांचं वजनसुद्धा सोसायचं नाही.

सामसुनच्या डॉक्टरीणबाईंनी
घोट्यावर बोटं ठेवून नाडी शोधली,
मी खिळा शोधला होता तशी.
मग नाव सांगितलं, बर्गरचा आजार.
नाझमी हसला, म्हणाला, खायचं काहीतरी वाटतं.
बाई हसल्या नाहीत.
कमी नाही करायची, म्हणाल्या, एकसुद्धा चालणार नाही.
ती ठेवा नाहीतर पाय ठेवा.
चौतीस वर्षांचा होता. त्याने मान हलवली
आणि जिन्यातच पेटवली.

करंगळी गेली तेव्हा मी कलबूत खाली काढलं, कानस घेतली.
लाकडाला रक्त नसतं. तरी हात थांबला.
पुढच्या वर्षी शेजारची दोन.
मग उजवा पंजा, अर्धा.
दर वेळी भुसा झाडून नाव पुन्हा गिरवायचो,
रिकाम्या जागेत लोकर कोंबून
बूट असा शिवायचो की बाहेरून
बेचाळीसच दिसावा.
तो पैसे मोजायचा, नाणी निसटायची.
मी वाकून उचलायचो, दोघंही काही बोलायचो नाही.

कशी सुटली, ते त्याने एकदाच सांगितलं.
बोटांच्या टोकांना जखमा, लायटरचं चाक फिरेना.
मुलीला हाक मारली. सहा वर्षांची.
तिने एका झटक्यात पेटवली, उस्ता,
आणि ज्योतीला तळहाताचा आडोसा केला,
अगदी माझ्यासारखा.
घरात वारा नव्हता.

एवढंच. पुढे त्याने चहा पिऊन टाकला.

मिनीबस केव्हाच दुसऱ्याकडे गेली.
थांब्यावर तो गाड्यांच्या वेळा टिपतो,
संध्याकाळी काठी टेकत नदीच्या बांधापर्यंत जातो.
चार वर्षं कलबुताला कानस लागलेली नाही.

परवा आला, बूट टेबलावर ठेवला.
सवयीने माझा हात कानशीकडे गेला.
टाच बघ, म्हणाला.
उलटा करून बघितला तर टाच झिजलेली,
बाहेरच्या कडेने, तिरपी,
चालणाऱ्या माणसाची झिजते तशी.
त्याचा बूट झिजलेला मी कधी पाहिलाच नव्हता.
त्याआधीच पाय बदलायचा.

नवी टाच ठोकली. पैसे घेतले, पूर्ण घेतले,
नाहीतर तो चिडला असता.

तो गेल्यावर खिशाला हात लावला.
पाकीट होतं.
वर फळीवर, अगदी कोपऱ्यात,
माझेही दोन आहेत, चव्वेचाळीस नंबर.
त्यांच्यावरची धूळ पुसली.