पडवीस चालेल

मुहर्रकच्या त्या गल्लीत
दोन घराण्यांची भिंत एक आणि वैर पिढीजात.
दुवैहरांनी वारा ओढायला बुरूज बांधला,
मुसैफरांनी त्याहून हातभर उंच.
एकाने मजलिशीत जिप्समची जाळी कोरून घेतली,
दुसऱ्याने कोरणाराच पळवला,
दुप्पट रुपये मोजून.
(तेव्हा इथे आपलेच रुपये चालायचे.)
शहर असं सजत गेलं,
एकमेकांना खिजवत.

मी खरवडायला आलोय.
पाच महिने, हातात डॉक्टरी सुरी, तोंडावर फडकं.
निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पुन्हा निळा,
मग पांढरी जाळी, बोटभर खोल,
आणि तिच्यात एक तारा
आठऐवजी सात टोकांचा.
उस्ताद मिर्दास चुकला, असं आमच्या साहेबीण म्हणतात.
मला वाटतं, त्या आठवड्याची मजुरी थकली असावी.

पैसा पाण्याखालून यायचा.
नाकाला चिमटा, पायाला दगड,
एका श्वासात हाताला लागतील तेवढे शिंपले.
जिन्याखाली कोळशाने ओढलेल्या रेघा आहेत,
पाणबुड्यांची उचल, बापाची मुलाच्या नावावर.
त्या जपायच्या की पुसायच्या
यावर अजून बैठक झालेली नाही.

मग जपानी मोती आले.
गालिचे गेले, आरसे गेले,
दारं तर बिजागऱ्यांसकट.
बुरूज कबुतरांनी घेतला.
जाळी तेवढी उरली:
भिंतीत मुरलेलं विकता येत नाही.

काल मधली तुळई धुतली.
सागवान, आपल्या किनाऱ्यावरून गलबतात आलेलं.
टोकाला पटाशीने कोरलेली मोडी अक्षरं.
इथे ती वाचणारा मी एकटा,
तोही अडखळत, उन्हाळी वर्गाच्या पुंजीवर:
‘सवासात हात. गाठ आहे. पडवीस चालेल.’

पडवीस!
आणि बसली कुठे,
तर थेट मजलिशीच्या मधोमध,
जिच्याखाली थोरले दुवैहर
पितळी चाळण्यांतून मोती निवडायचे
आणि शेजारच्या बुरुजाकडे
न बघितल्यासारखं बघायचे.
शंभरेक वर्षं. गाठ आहे तिथेच आहे.

घराण्याची पणती उद्या येतेय, कॅनडाहून.
पत्रकावर ‘राजेशाही सागवान’ छापून झालंय.
मी अक्षरांवर तेलाचा हात फिरवला,
अगदी पातळ,
उठून दिसतील इतपतच.

विचारलं, तर सांगेन.