येणे बाकी

चतुर्दशीला आमच्याकडे
गणपती बुडाले दिवस मावळताना
आणि पहाटे चारच्या आत गाव.
माळवदावरची हातभर पांढरी माती
झोपलेल्यांच्या अंगावर आली.
नऊ वर्षांची मी
उतरंडीच्या आडोशाला उरले.

पुण्यात तेव्हा मिरवणूक चालूच होती म्हणे.
बातमी लक्ष्मी रस्त्यानं पायी पायी गेली
या मंडळाकडून त्या मंडळाकडे,
आणि एकेक ढोल खाली ठेवला गेला.
हे मी पाहिलेलं नाही.
मी पाहिले ते गुलाल न धुतलेले हात,
ससूनच्या दारात स्ट्रेचर उतरवणारे,
रक्त द्यायच्या रांगेत बाही वर सारलेले.
मला वाटलं, या गावातही
सगळ्यांना लागलंय.

खाटेला अडकवलेल्या कागदावर लिहिलं होतं:
अनोळखी मुलगी, वय अंदाजे नऊ.
नाव मी सांगत नव्हते.
आई ज्या नावानं हाक मारायची
ते तिच्यापाशीच राहिलं होतं, ढिगाऱ्याखाली.

भवानी पेठेतले हमीदुल्लाचाचा
दुकानातल्या पडद्यांच्या कापडाचे झगे शिवून आणायचे.
आम्ही चौदा पोरी
एकाच निळ्या फुलांच्या.
सिस्टर रत्नमाला साळवी रात्रपाळी संपली तरी जायच्या नाहीत,
खुर्चीत डोळे मिटून
येशूशी काहीतरी भांडत बसायच्या.
वर्गणीची उरलेली पावतीपुस्तकं घेऊन
पोरांनी पुन्हा तीच दारं वाजवली,
आणि महिन्यापूर्वी अकरा रुपयांसाठी
ज्यांनी हुज्जत घातली होती
त्यांनी अंथरुणातल्या गाद्या काढून दिल्या.

आणि मेहेंदळे.
रोज सकाळी सातला, पीएमटीनं,
एका हातात छत्री, एका हातात दुधाची किटली,
कपाळाला आठी.
"पूर्ण प्यायचं. सांडायचं नाही.
किटली परत पाहिजे."
गोड एकदाही बोलले नाहीत.
बाकी सगळे मला बघून रडायचे.
ते रागवायचे, म्हणून कळलं
मी अजून रागावण्याजोग्या माणसांत आहे.

किटलीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं.
मी त्यावरून बोट फिरवत राहायचे.
बाराव्या दिवशी वाचलं, मोठ्यानं:
"स. ग. मेहेंदळे, नारायण पेठ."

अख्खा वॉर्ड थांबला.
सिस्टर उठून उभ्या राहिल्या.
"पेठमधला ठ नीट म्हण," मेहेंदळे म्हणाले
आणि खिडकीकडे तोंड करून
मिटलेलीच छत्री
बराच वेळ मिटत राहिले.

मग मामा आला न्यायला.
घाईत किटली माझ्या बोचक्यात गेली.

आमच्या गावाचं नाव आता दोनदा लिहितात,
एकापुढे जुने, एकापुढे नवे.
नव्यात माझं घर आहे, दोन लेकरं आहेत,
भिंती हलक्या आहेत.
फळीवर ती किटली होती.
दरवर्षी म्हणायचे, यंदा देऊन येऊ.
सव्वीस वर्षं म्हटलं.

नारायण पेठेत आता लिफ्टची इमारत.
सुनेनं साखळी न काढता दार उघडलं,
"काय काम आहे?"
एसटीत पाठ केलेलं आभाराचं बोलणं
एक अक्षर आठवेना.
मी किटली पुढे केली.
तिनं ठिपके वाचले.
साखळी निघाली.

कपाटातून तिनं त्यांची हिशेबाची वही आणली.
ऑक्टोबर त्र्याण्णव.
दूध. बस. दूध. बस. केळी सहा.
आणि तळाशी, ठसठशीत:
किटली नग एक, येणे बाकी. मागू नये.

तिनं पेन दिलं.
पण 'जमा' लिहायला माझा हात होईना.
हे चुकतं झालं
तर या शहराची मी कोण लागेन?

तिनं वही तशीच मिटली,
माझ्यापुढे कप सरकवला,
आणि त्यांच्याच आवाजात म्हणाली,
"पूर्ण प्या. सांडू नका."