बाटलीतलं तळं

बाबांना बुडबुडे वाचता येतात.
बारीक, ओळीनं आले तर मागूर चिखलात.
एकच मोठा, मग बराच वेळ काही नाही:
मरळ. वर येऊन वारा गिळून गेली.

खाटेखाली बाटली. बरगड्यांमधून निघालेली नळी
तिच्या पाण्यात बुडालेली.
बाबा खोकले की पाणी उकळतं.
एकोणीस दिवस.
"हे कोन्ती मासोळी होय जी?" बाबांनी विचारलं,
वॉर्डातलं कुणीच हसलं नाही.

जुन्या टीबीनं फुप्फुस झिजलेलं, एका जागी फाटलेलं.
छाती उघडली तर हे झेपायचं नाही यांना,
कुंभलकर मॅडम म्हणाल्या,
आणि एक्स-रेच्या पाकिटावर झाड काढलं, उलटं,
खोड वर, फांद्या खाली.
एका फांदीत इवलीशी झडप.
आतला वारा बाहेर येईल, बाहेरचा आत जाणार नाही.
तोंडातून जायचं. टाका नाही.

बाबांनी पाकीट फिरवून पाहिलं.
मग दोन्ही हातांची बोटं आत वळवली,
बांधाच्या सांडीत लावतात त्या सापळ्याच्या कामट्यांसारखी.
"मासोळी जाते, निंघत नाही.
तुमी उलटा लावता, इतकंच."
मॅडमनी पेन खाली ठेवलं.

मी आत नव्हते. कातोरे सिस्टरनं नंतर सांगितलं:
एका फांदीत फुगा फुगवला, बाटलीकडे पाहिलं. चालूच.
दुसरी. चालूच. तिसरी.
चौथीला पाणी थबकलं.
"इथंच आहे," मॅडम म्हणाल्या, अगदी हळू,
जणू मोठ्यानं बोललं तर पळेल.

तरी दोन दिवस एखादा चुकार यायचाच.
तिसऱ्या रात्री मी दचकून उठले.
आवाज नव्हता.
ज्याच्यावर इतक्या रात्री झोपले तो आवाज नव्हता,
आणि माझा हात बाटलीकडे नाही,
बाबांच्या नाकाकडे गेला.
कोमट.
मग खाली वाकले.
नळीतलं पाणी श्वासासोबत थोडं वर, थोडं खाली.
बस्.

सहा आठवड्यांनी झडप काढायला जायचंय.
तोवर डोंग्यात बसायची मनाई,
म्हणून आम्ही पाळीवर बसतो, चपला काढून.
आज मधोमध एक मोठा बुडबुडा फुटला.
माझी मूठ आवळली.
"मरळ," बाबा म्हणाले.
"घेऊ दे तिले."