हिरोच्या कानामागे

त्या रात्री हिंदी पिक्चरची पेटी आलीच नाही.
दारव्ह्याची यष्टी कुठंतरी पंक्चर,
म्हणून अरुणावतीच्या वाळूतल्या तंबूत
ऑपरेटर मुनाफभाईनं चढवला
कोण्या डेपोतून उरलेला इंग्रजी पिक्चर,
काळा-पांढरा, उभ्या रेघांनी ओरबाडलेला.
अर्ध्या तासात पब्लिक शिव्या देत
रहाटपाळण्याकडं निघून गेलं.

उरलो आम्ही, लोणबेहळचा बँड,
अंगात वरातीचे लाल डगले, पायात काही नाही,
आणि मी, डोक्यावर गॅसबत्ती वाहणारा,
वय वर्षं अकरा.

पडद्यावर मोठं हॉटेल.
टेबलाशी गोरा हिरो, गोरी बाई,
बोलतात, बोलतात, काय ते कोणाला ठाऊक.
त्यांच्या मागे, पार मागे, झाडाच्या कुंडीला लागून
पाच माणसं वाजवत होती, आमच्याहून काळी.
एकाच्या तोंडाला कारनेट.
तीन खटके, तेच पितळ,
गालही तसेच, उकंडामामाचे फुगतात तसे.

उकंडामामा उभाच राहिला.
"अबे, मुंडकं बाजूले कर ना बे,
बोटं पाहू दे मले त्याचे!"
हिरो काही सरकेना.
मामा तंबूत डावीकडं गेला, मग उजवीकडं,
जसं काही बाजूनं पाहिलं की
कानामागचं दिसणार होतं.

मग ती दोघं उठली, बाहेर चांदण्यात गेली,
आणि कॅमेरा त्यांच्या मागं, पाळल्या कुत्र्यासारखा.
दार लागलं. सूर आतच राहिला.
ढोलवाला सुदाम म्हणाला,
"नवरदेव मांडवात गेला, आता आपण भाईर."
कोणी हसलं नाही.
म्हणजे हसलो, पण थोडंसंच.

"अजून लाव," मामा म्हणाला,
आणि बिदागीतले चार रुपये मशीनवर ठेवले.
तिसऱ्या वेळी रीळ तुटलं.
जोडताना उरलेली सात चित्रं
मुनाफभाईनं मामाच्या तळहातावर टाकली.
"ही कडेची नागमोडी रेघ दिसते?
आवाज आहे हा."
मामा नखानं ती रेघ चाचपत राहिला,
गावापर्यंत, बैलगाडीत, अंधारात.

त्याला जाझ म्हणतात हे मला फार उशिरा कळलं.
मामा म्हणायचा, "तो कानामागचा."

पुढच्याच लगनसराईत, नेहमीच्या चालीच्या मधेच
मामानं एक सूर वाकवला,
खाली नेला, आणखी खाली, आणि सोडेचना.
घोडं थबकलं.
नवरदेवाचा काका धावत आला,
"काहून बे, कोणी मेलं काय तुह्या घरी?"
पैसे कापले गेले.
मामा कारनेटातली थुंकी झटकत म्हणाला,
"पण बरोबर व्हता तो."

सात चित्रं आता माझ्याकडं, तंबाखूच्या डबीत.
उन्हाकडं धरली की दिसतं
अर्धं कारनेट, एक गाल, हिरोचा कान.
बोटं एकातही नाहीत.

मुनाफभाई म्हातारपणी एकदा बोलून गेला,
चित्राशेजारचा आवाज त्या चित्राचा नसतोच,
वीस चित्रं पुढचा असतो, मशीनची रीतच तशी.
म्हणजे या रेघेत तो सूर आहे
की दार लागल्याचा आवाज,
मला माहीत नाही.

मामाला मी हे सांगितलं नाही.
तो नख फिरवायचा
आणि मधेच कुठंतरी मान हलवायचा.