साडेसदुसष्ट

सेलूच्या कॉलेजात, अगदी मागं,
एनसीसीच्या फुटक्या ढोलांची खोली आहे,
तिच्या शेजारी निरंतर शिक्षण विभाग.
विभाग म्हणजे मी, आठ संगणक, त्यातले चालू पाच,
आणि लाल कापडी पुठ्ठ्याचा हजेरीपट.

हिशेबनीस प्रमाणपत्र : नव्वद तास.
पंचाहत्तर टक्के भरले पाहिजेत, म्हणजे साडेसदुसष्ट.
एक मिनिट खाली गेलं तरी नावापुढं अपात्र,
आणि फी परत नाही.
पाच तारखेला अहवाल वर जातो.
वर म्हणजे कुठं, हे सात वर्षांत मी विचारलेलं नाही.

आलेली वेळ लिहितो, गेलेली लिहितो, वजाबाकी करतो.
मुनीर शेख गॅरेज बंद करून येतो,
सहीशेजारी ग्रीसचा अंगठा.
वैजयंता गिराम सहा म्हणजे सहाला,
आणि साडेसातला सासऱ्याचा फोन.
प्रयाग खंदारे परतूरहून, पॅसेंजरनं.
सातोन्याला क्रॉसिंग पडली की तिची वीस मिनिटं गेली.
धापा टाकत आत येते,
आणि बसायच्या आधी स्वतःच सांगते किती वाजले ते.

शनिवारी बेरीज केली. सहासष्ट तास चाळीस मिनिटं.
खालून वर केली. तेवढीच.
फोनवर म्हणालो, पन्नास मिनिटं कमी पडतात,
दोन-तीन उशीर मी वेळेवर करून टाकतो,
कोण बघतंय?

ती बचत गटाची सचिव.
अकरा बायकांचे पैसे तिच्या पिशवीत असतात.
म्हणाली, "बाकी असली तर बाकीच लिहितेत, सर.
जमेला लिहीत नसतेत.
उद्या येते, पन्नास मिनिटं बसते, मग लिहा."

रविवार. लिंबाजीनं कुरकुरत कुलूप काढलं
आणि दारातच स्टूल टाकून बसला.
लाइट नव्हती. फळ्यावर तेरीज मांडली,
सहाशे चाळीसचा फरक आला.
मी आकडे पुसतोय, पुन्हा लिहितोय, घाम पुसतोय.
"फरकाचं अर्धं करून हुडका," ती म्हणाली,
"तुम्हीच शिकवलतं."
तीनशे वीस. घसारा. उलट्या बाजूला बसलेला.
तिनंच उठून तो इकडं आणला.

मग खडूचे हात झटकत :
"तुमचे तास कोण लिहितंय, सर?"
मी तासिका तत्त्वावरचा. ऑगस्टपासूनचं बिल वर गेलेलं.
मीच लिहितो, म्हणालो.
"आन् आजचे?"
आजच्याला रकाना नाही.
ती फळ्याकडं बघत राहिली.
पन्नास मिनिटं झाली तेव्हा पदराला हात पुसून
स्टेशनाकडं गेली.

सोमवारी संगणकात भरायला बसलो.
साडेसदुसष्ट टाकलं की चौकट लाल.
अपूर्णांक चालत नाही.
फोन लावला. "अडुसष्ट टाका की, सगळेच टाकायलेत."
टाकलं. चौकट हिरवी झाली.
तिथंच थांबायचं होतं मी,
पण तिला सांगून बसलो.

पुढच्या रविवारी बघतो तर
ती व्हरांड्याच्या पायरीवर, मांडीवर गटाची वही.
कोर्स संपलेला, अहवाल गेलेला.
"अर्धा तास उसना हाय," म्हणाली. "फेडून जाते."
मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं
तेरजेत काही सापडलं नाही.

हजेरीपटाचं शेवटचं पान काढलं,
जे कुठंच पाठवायचं नसतं.
लिहिलं : खंदारे प्रयाग, आली दहा बत्तीस.
तिनं मान वाकडी करून वाचलं, म्हणाली,
"खाली तुमचं."
लिहिलं.
स्टुलावरून लिंबाजी खाकरला.
"माझं बी टाका मग," म्हणाला,
"मी तर सव्वादहालाच आलोय."