आधार दोन, हालचाल चार

माझा प्रबंध अदलाबदलींच्या गटांवर.
कर्वेनगरात हे सांगितलं की लोक
शेअर बाजारातलं काही समजतात
आणि भाव विचारतात.

मी गुंता मोजते:
किती जणांना जागच्या जागी धरलं
तर बाकी कुणालाच हलता येणार नाही?
त्या आकड्याला म्हणायचं आधार.
दुसरा आकडा उलट बाजूने येतो:
हलायचंच ठरलं, तर निदान किती जण हलतात?

गाईड म्हणाले, साधं उदाहरण द्या.
तीन आठवडे मी कागद खराब केले.

उदाहरण खाली बसलेलं होतं,
प्लास्टिकच्या खुर्चीत, रेडिओ कानाशी धरून.
गंगाखेडचे मारोतराव, आमचे वॉचमन,
कमरेला आठ गाड्यांच्या किल्ल्या.
चार गाड्या भिंतीकडे, चार नळाकडे,
एकीमागे एक. एकीला वाट द्यायची
तर अख्खी रांग फिरवावी लागते.
रविवारी टँकर आला
की रांगाच एकमेकींच्या जागी.

"म्याडम, दोनच सांगा मला,
एक हिकडली, एक तिकडली.
बाकीच्या म्या डोळे झाकून सांगतो.
आन एकटी हलली, असं इथं होतच नाही.
हलल्या तर चार."

ज्या गटात कुणीही कुणाच्याही जागी पोचतं
तिथे या दोन आकड्यांचा गुणाकार
गाड्यांच्या संख्येहून कमी भरत नाही.
बे चोक आठ.
जेमतेम. वर एक पैसा नाही.
पुणेरी हिशोब.

नववी होती, ती आम्ही धरत नव्हतो:
आपट्यांची फियाट, जिन्याखाली,
खाकी ताडपत्रीत, चाकं बसलेली.
जो बिंदू कधीच हलत नाही
त्याच्याने कुठलाच आकडा बदलत नाही.
प्रबंधात तिला एक तळटीप.

मे महिन्यात भंगारवाल्याने
टोचन लावून ती नेली.
मी वर येऊन सगळं पुन्हा मांडलं.
आधार दोन. हालचाल चार.
सिद्धता तशीच.

जिन्याखाली फरशीचा लांबट चौकोन,
बाकीच्या फरशीहून उजळ.
जागेची एवढी मारामार,
पण तिथे अजून कुणी गाडी लावत नाही.
मारोतराव झाडताना
त्याच्या कडेकडेनं जातात.
विचारलं तर म्हणाले, "सवय हाय."

तळटीप मी खोडलेली नाही.